भिकुबाईने मऊ केलेली मोटर

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तळोद्याहून नंदुरबारला उतारू नेणारी एकच सर्व्हिस मोटर उरली होती आणि लोकांनी तिचं नाव 'हाडमोडी' ठेवलं होतं. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिचा मालक गिरधरशेठ याने मागच्या डाव्या अंगाला कोळशाच्या गॅसची उंच लोखंडी टाकी बसवून घेतली. ड्रायव्हर उदेसिंग पहाटे टाकीत कोळसा भरायचा, पंखा फिरवून फिरवून तो पेटवायचा आणि गॅस धरला की मोटर खोकत, धूर सोडत निघायची. टाकीच्या वजनाने मोटर मागून बसली. मग शेठने कुठल्याशा भंगार लॉरीच्या कमानींचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, पाटे आणून हिच्या कमानींत घुसवले. मोटर ताठ उभी राहिली, पण त्या दिवसापासून तिची कमान लवायची म्हणून राहिली नाही. रस्त्यात खडा आला तरी तो बसणाऱ्याच्या मणक्यात कळायचा.

भिकुबाई लोहारीण या मोटरीत कधी बसली नव्हती. तिला गरजही नव्हती. तळोद्याच्या बाजाराच्या टोकाला, अक्कलकुव्याची वाट फुटते तिथे, तिच्या नवऱ्याची, धुडकू लोहाराची भट्टी होती. लग्न होऊन आली तेव्हा ती भाता ओढायची. पुढे धुडकू लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवायचा आणि भिकुबाई घण घालायची. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, पाय रोवून ती घण उचलायची तेव्हा बाजाराला आलेले पहाडातले लोक बघत उभे राहायचे. हातांवर ठिणग्यांचे डाग, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. एकुलती मुलगी कौसा नंदुरबारच्या वाटेवर, तापीकाठच्या प्रकाशा गावी दिली होती. नवरा-बायको दोघंच घरात, आणि दिवसभर भट्टीच्या उजेडात एकमेकांशी वाद. लोखंड पुरेसं लाल झालं की अजून व्हायचंय, यावर ते दोघं जेवढं भांडले तेवढं दुसऱ्या कशावर भांडले नाहीत.

कापूस वेचून झाल्यावरची गोष्ट. एका भरल्या गाडीचा आस वाकला म्हणून धुडकू गाडीखाली शिरला होता. गाडी टेकूवर उभी होती. बैल बिचकले, गाडीला हिसका बसला, टेकू निसटला आणि गाडी धुडकूच्या कंबरेवर बसली. चार माणसांनी उचलून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीत होता, पण पाय हलत नव्हते. हाडवैद्य आला, लेप झाले, शेक झाले. पायांत हळूहळू जीव आला, पण कंबर मात्र तशीच. उठून बसवलं की तो ओरडायचा. भिकुबाईने त्याची बाज भट्टीच्या छपराखाली आणून टाकली. निदान लोखंडाचा आवाज तरी त्याच्या कानावर पडावा म्हणून. आता भाताही तीच ओढायची आणि घणही तीच घालायची. गिऱ्हाइकं येत होती, पण ती धुडकूकडे बघायची आणि आवाज खाली करून बोलायची. ते तिला आवडायचं नाही.

भट्टीला कोळसा आणायचा तो खात्या पावरा. अक्कलकुव्याच्या वरच्या पहाडातून तो कावडीच्या दोन टोपल्यांत कोळसा घेऊन उतरायचा. घरी तो पावरी बोलायचा आणि बाजारात जमेल तशी अहिराणी. धुडकूच्या बाजेशी उकिडवा बसून तो म्हणाला, "चिंचपाडाले मिशनना दवाखाना शे. मन्हा भाऊनी पोर पडनी व्हती झाडवरथून. मांडी मोडेल. तठे निजाडी ठेवी, पायले वजन बांधं. आते ती लाकडं आनस."

भिकुबाईने त्याच दिवशी ठरवलं. मोटरीने नंदुरबार, तिथून रेल्वेने चिंचपाडा. तिने उदेसिंगला सांगून मागचं लांब बाकडं रिकामं ठेवायला लावलं, त्यावर गोधड्या घातल्या आणि शेजाऱ्यांनी धुडकूला फळीवरून आणून तिथे निजवलं.

मोटर गावाबाहेर पडली आणि पहिल्याच नाल्यात उतरली. धुडकूने दोन्ही हातांनी बाकडं धरलं. दुसऱ्या नाल्याला तो ओरडला. पुढे रस्ता सरळ होता, पण सरळ रस्त्यावरही गाड्यांच्या चाकोऱ्या खोल पडल्या होत्या आणि मागचं बाकडं नेमकं चाकांच्या वर. प्रत्येक चाकोरीला ते वर उडायचं आणि खाली आदळायचं. धुडकूचा चेहरा पांढरा पडला. तो ओठ चावत राहिला आणि मग म्हणाला, "कौसानी माय, उतारी दे माले. आठेच टाकी दे, पन उतारी दे."

उदेसिंगने मोटर थांबवली. तोही घामेघूम झाला होता. जवळच्या शेतातून बाज आणली आणि शेतातल्याच माणसांनी बाज खांद्यावर घेऊन धुडकूला तळोद्याला परत आणलं. वाटेत ज्याने त्याने विचारलं, कोण गेलं? भिकुबाई प्रत्येकाला सांगत होती, कोणी गेलं नाही, माणूस जिवंत आहे. घरी आल्यावर धुडकू भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जित्ता मानूसले असं खांदावर आनतस का? बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं. आते माले कोठे नेवानं नही."

"खांदावर नही नेवाव," ती म्हणाली. "मोटर मऊ व्हयनी तं येशात का?"

"मोटर काय भाकर शे, मऊ व्हवाले?"

दुसऱ्या दिवशी मोटर बाजारात उभी असताना ती जाऊन मागच्या चाकाशी बसली आणि खाली वाकून बघत राहिली. पाट्यावर पाटा चढवलेला. सगळे गंजून एकमेकांना धरून बसलेले. कमानीची टोकं मोटरीच्या सांगाड्याला जिथे टांगलेली असतात तिथले लोंबते जोड कोरडे ठणठणीत. डाव्या बाजूला टाकी, म्हणून ती बाजू जरा बसलेली आणि उजवी वर. लोक बघून हसले. उदेसिंग हसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, मागे जड आन पुढे हलकी व्हयनी ही. वळनले चाक फिरावस, तं मोटर मन्हं आयकस नही. सरळ पळू दखस. माले रोज भीती वाटस."

काही दिवसांनी प्रकाशाच्या अलीकडे मोटरीचा मागचा मुख्य पाटा तुटला. बैल जोडून मोटर तळोद्यात ओढत आणली. उदेसिंग तुटका पाटा खांद्यावर घेऊन भट्टीवर आला.

"धुळेले धाडं तं कव्हय येई काय सांगता येत नही. तुमना हातथून व्हई का?"

"बैलगाडीना चाकले लोखंडनी धाव चढावस मी. मोटरना पाटा कधी करेल नही."

बाजेवरून आवाज आला. "दखाड माले."

गाडी अंगावर पडल्यापासून धुडकूने भट्टीच्या कामातलं आपणहून काही मागितलं होतं ते हे पहिलंच. भिकुबाईने पाटा त्याच्या छातीवर ठेवला. त्याने तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला की हे नांगराच्या फाळाचं लोखंड नव्हे, याला लवचीकपणा दिलेला आहे आणि तो कसा दिला ते आपल्याला शोधावं लागेल.

शेठकडचे भंगारातले पाटे पडलेले होतेच. त्यातला एक तिने भट्टीत घातला, लाल केला, तुटक्या पाट्याच्या वाकावर बसवून ठोकला आणि सवयीप्रमाणे पाण्यात बुडवला. पाण्यातच त्याने कट् असा आवाज केला. बाहेर काढला तर आडवी चीर. दुसरा पाटा तिने हवेतच थंड होऊ दिला. तो बसवून उदेसिंगने मोटर जरा पुढेमागे केली आणि पाटा सरळ झाला तो झालाच, पुन्हा वर आला नाही. धुडकू म्हणाला, "पानी नको देऊ त्याले. तेल दे." तेल कुठून आणायचं? उदेसिंगने मोटरीच्या इंजिनातलं काढून ठेवलेलं जळकं तेल डब्यातून आणलं. त्या तेलात पाटा बुडवला तेव्हा एवढा भडका उडाला की छपराचं गवत वाचवायला शेजारणी घागरी घेऊन धावल्या. पण पाटा चिरला नाही. मग तो पुन्हा हलक्या आगीवर धरायचा, त्यावरून वाळकी काडी ओढायची आणि काडी चर्र करून धूर धरू लागली की बाहेर काढायचा. किती धरायचा यावर नवरा-बायकोंचं पुन्हा भांडण झालं. धुडकू म्हणे अजून, ती म्हणे पुरे. बाज जिथे होती तिथून रंग नीट दिसत नव्हता, म्हणून या वेळी तिने आपलं खरं केलं. पाटा ऐरणीच्या आडव्या काठावर ठेवून तिने टोकावर सगळा भार दिला. तो वाकला आणि सोडल्याबरोबर टण् करून परत आला. बाजेवर पडल्या पडल्या धुडकू हसला.

तो पाटा बसवताना तिने गिरधरशेठला गाठलं. शेठ तसा वाईट माणूस नव्हता, फक्त मोटर बंद पडण्याची धास्ती त्याला झोपेतही सोडत नसे.

"शेठ, जास्तीना पाटा काढी टाकू द्या."

"भिकुबाई, पाटे काढशी तं मोटर बशी जाई. टाकीनं वजन काय मी खांदावर धरू?"

"मोटर उभी शे, पन मानसं कोठे बठी ऱ्हायनात? ती उडी ऱ्हायनात. लोके बैलगाडीवर जावाले लागनात. तुम्हीच दखा."

हे खरं होतं. बाया तर मोटरीत चढेनाशा झाल्या होत्या. शेठने मान हलवली. कामाचं काय घेशील म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मागलं बाकडं. ज्या दिन मी सांगसू, त्या दिन. आन त्या दिन मोटर मन्ही चालनं चाली."

तिने वरून घुसवलेले सगळे पाटे काढले. गंज खरवडला. बैलगाडीच्या आसाला घालतात ते एरंडेलाचं वंगण पाट्यांमध्ये भरलं आणि धूळ शिरू नये म्हणून कमानीभोवती गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या. मोटर निघाली ती पाळण्यासारखी. लोक खूश. प्रकाशाला उतरणीचं वळण आलं आणि मोटर एका अंगाला अशी कलली की टपावरची कोळशाची पोती सरकली, आतल्या बाया एकमेकींच्या अंगावर गेल्या आणि उदेसिंगने शिव्या देत ब्रेक दाबला. त्यात मागची कमान पार खाली बसून टण्ण करून आपटली. परत आल्यावर तो सरळ भट्टीवर आला.

"आधी हाडं मोडी ऱ्हायनी व्हती, आते जीव लेई! मी नही चालाडाव असली मोटर."

कडक केली तर उडते, मऊ केली तर कलंडते. अर्धे पाटे परत घालून बघितले. मोटर रिकामी असली की उडायची आणि भरली की आपटायची, म्हणजे दोन्हीकडून वाईट. शेठ जुने पाटे परत घाल म्हणू लागला.

बाजाराच्या दिवशी खात्या कोळसा घेऊन आला. कावड खांद्यावरून उतरवून त्याने टोपल्या रिकाम्या केल्या. तो मिठाचं पोतं आणि गुळाची ढेप घेऊन परत जाणार होता, म्हणून त्याने टोपल्यांत ते भरलं आणि कावड उचलली. भिकुबाईने ती कावड शेकडो वेळा पाहिली होती. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिला दिसलं की खात्याच्या लांब बांबूखाली मधोमध एक आखूड, जाड बांबू बांधलेला आहे आणि त्याची टोकं वरच्या बांबूला टेकलेली नाहीत.

"खात्या, हाई खालना कसाले?"

खात्याला प्रश्नच विचित्र वाटला. "थोडं ओझं, तं वरना बांबू वाकस. खांदाले लागस नही. जादा ओझं, तं वरना येस खालनावर. मंग दोन्ही मियीसन धरतस. नही तं मोडस."

तिने त्याला थांबवून घेतलं. टोपल्यांत एकेक दगड टाकून वरचा बांबू खालच्याला कधी टेकतो ते पाहिलं. मग बाज ओढून धुडकूलाही दाखवलं. खात्याला उशीर होत होता, पण तो दगड टाकत राहिला आणि हसत राहिला.

मग काम सोपं नव्हतं, पण कुठे जायचं ते कळलं होतं. वरचे पाटे तिने लांब आणि पातळ ठेवले, वंगणात भिजलेले. त्यांच्याखाली भंगारातले दोन जाड पाटे आखूड करून घातले आणि त्यांना वाक कमी दिला. त्यामुळे त्यांची टोकं वरच्या पाट्यांपासून अंगठाभर सुटलेली राहिली. मोटर रिकामी असली की वरचेच लवतील. भरली की ते खालच्यांवर येऊन टेकतील. टाकीच्या बाजूच्या कमानीला वाक जरा जास्त दिला म्हणजे दोन्ही अंगं सारखी उभी राहतील. पाटे एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना कड्या घातल्या. राहिली ती टपावरची पोती. ती खाली आणा, ड्रायव्हरच्या मागे मोटरीच्या तळावर ठेवा, म्हणजे वजन खाली येईल आणि पुढेही येईल, असं ती म्हणाली तेव्हा शेठ अडला, कारण तिथे माणसं बसायची. उदेसिंगच मध्ये पडला. "शेठ, पुढलं चाक जमीनले लागू द्या. वळनवर मी एखला नसस, बठ्ठा लोके ऱ्हातस." शेठने पोती खाली आणू दिली.

आता ते कसं झालंय हे कळणार कसं? उदेसिंग पुढे बसतो, त्याला मागचं कळत नाही. बसलेला माणूस धक्का पायांनी, हातांनी झेलतो, पण धुडकूला तर आडवं जायचं होतं. म्हणून भिकुबाई स्वतः मागच्या बाकड्यावर जाऊन आडवी झाली. डोळे मिटून, कंबर बाकड्याला टेकवून, हात पोटावर. मोटर भरलेली होती. बाया कुजबुजल्या. प्रकाशाला लेकीकडे निघालेल्या सुंदरबाई नावाच्या म्हातारीने पुढे वाकून तिच्या कपाळाला हात लावला.

"काय वं बाई, काय दुखस तुन्हं?"

"मन्हं काही दुखस नही, माय. मोटरनं दुखस. कोठे दुखस ते दखी ऱ्हायनू."

म्हातारीने हात मागे घेतला आणि शेजारणीला सांगितलं की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पहिल्या नाल्याला बाकडं खाली गेलं आणि वर आलं, आदळलं नाही. चाकोऱ्यांवर ते हलत होतं, पण त्या हलण्यात धार नव्हती. भिकुबाई मनात मोजदाद न करता अंगाने ऐकत होती. उजव्या कुशीला काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. प्रकाशाला उतरून तिने पाहिलं तर उजव्या कमानीचा लोंबता जोड घट्ट बसलेला. तो सैल केला. उतरणीचं वळण मोटरीने घेतलं तेव्हा ती जराशी झुकली, मग जणू कोणी धरल्यासारखी थांबली आणि सरळ झाली. उदेसिंगने मागे वळून पाहिलं नाही, पण खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोनदा थाप मारली.

असं ती आणखी काही फेऱ्या आडवी होऊन गेली. रिकाम्या मोटरीत गेली, भरल्या मोटरीत गेली. येऊन पाटे उघडायची, वाक थोडा कमी-जास्त करायची आणि पुन्हा जायची. गावात हसायचे ते हसले. पण बाया परत मोटरीत बसू लागल्या, आणि पहाडातून आलेल्या एका बाईने मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन नंदुरबारपर्यंत प्रवास केला तेव्हा गिरधरशेठने ती गोष्ट बाजारभर सांगितली.

चैत्राच्या शेवटी भिकुबाईने शेठला सांगितलं, उद्या माझा दिवस. धुडकूला तिने विचारलं नाही. गोधड्या घातल्या आणि शेजाऱ्यांना हाक मारली. तो म्हणाला, "मी नही सांगं व्हतं तुले?" ती म्हणाली, "तुम्ही खांदावर नही जावाव, असं सांगं व्हतं. हाई मोटर शे." त्याने फळीवर स्वतःला उचलू दिलं.

पहिला नाला आला. त्याने बाकडं धरलं. नाला गेला. त्याने हात सोडले नाहीत. दुसरा नाला गेला. भिकुबाई खाली मोटरीच्या तळावर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो डोळे मिटून पडला होता. दुखत होतं, ते दिसत होतं, पण तो ओरडत नव्हता. प्रकाशाला कौसा रस्त्यावर उभी होती. तिने बापाला पाणी पाजलं, आणि उन्हाने तापलेल्या तापीच्या पात्रात मोटर उतरली.

पात्रात वाळूवर पळाट्या, कापसाची वाळकी झाडं, अंथरून वाट केलेली होती. सगळे उतारू खाली उतरून चालू लागले. धुडकू एकटा आत. पळाट्या कडकडा मोडत होत्या, चाकं रुतत होती, निघत होती. समोरचा काठ चढायचा होता आणि चढणीवर गाड्यांनी गुडघाभर खड्डे केले होते. उदेसिंगने मोटर थांबवून विचारलं, "वहिनी, नेऊ का?" भिकुबाई बाहेरून खिडकीला धरून चालत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मोटर चढू लागली. मागचं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं झोके घेत वर गेलं. काठावर पोचताच भिकुबाई धावत आत शिरली.

"काय व्हयनं? लागनं का?"

धुडकूने डोळे उघडले. "डावी कमान किरकिर करस," तो म्हणाला. "वंगन कमी पडनं तुन्हं."

ती पदरात तोंड घालून रडली. मग उठली, खाली उतरली आणि डाव्या कमानीत वंगण घालून आली.

नंदुरबारला रेल्वेच्या डब्यात त्याला फळीसकट चढवलं आणि चिंचपाड्याला उतरवलं. दवाखान्यात त्याला फळीवरच निजवून ठेवलं, पायाला वजनं लावली, मग कंबरेला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पण हा पुन्हा चालू लागेल. भिकुबाई दवाखान्याच्या पडवीत चूल मांडून राहिली. आजूबाजूला पहाडातली माणसं, त्यांची शेरडं, त्यांची पोरं. तिची सगळ्यांशी ओळख झाली. हात रिकामे बसवेनात म्हणून ती दवाखान्याचे मोडके पाळणे आणि बादल्यांच्या कड्या दुरुस्त करायची.

एक दिवस उदेसिंग रेल्वेतून उतरला तो गोणपाटात गुंडाळलेला पाटा खांद्यावर घेऊन. आखूड पाट्यातला एक मधल्या बोल्टाशी तुटला होता. शेठने दुसऱ्या कोणाकडून करून घेतला तर मोटर पुन्हा उडायला लागली. चिंचपाड्यात एका लोहाराची छोटी भट्टी होती. भिकुबाईने त्याच्याकडून ती मागून घेतली, पाटा केला, आणि उदेसिंग संध्याकाळच्या गाडीने परत गेला. जाताना धुडकूला म्हणाला, "भाऊ, लवकर बरा व्हय. नही तं रोज रेल्वेना प्रवास घडी माले."

पाऊस सरला, तापी उतरली, आणि कार्तिकात धुडकू तळोद्याला परतला. मोटरीतून तो स्वतः उतरला, काठी टेकत. कंबर थोडी वाकलेली राहिली ती कायमची. घण उचलणं किंवा वाकून काही धरणं त्याला पुन्हा जमलं नाही. पहिले काही दिवस तो ऐरणीपाशी उभा राहायचा आणि परत बाजेवर जाऊन बसायचा. त्याला वाईट वाटतंय हे तिला कळत होतं. मग एका सकाळी ती ऐरणीवर पाटा ठेवून वळली तर धुडकू स्टुलावर बसून भाता ओढत होता. तिने घण उचलला. काम सुरू झालं.

लढाई संपली. पेट्रोल परत आलं आणि गिरधरशेठने टाकी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी उदेसिंग ओरडत आला की मोटर डाव्या अंगाने वर उचलली गेलीय आणि रस्त्यावर तिरकी पळतेय. भिकुबाई कपाळावर हात मारून हसली. टाकी गेली तर तिच्यासाठी दिलेला वाकही जायला हवा, हे कोणाच्या लक्षात आलंच नव्हतं. सगळं उघडून पुन्हा बसवावं लागलं.

त्यानंतर लष्कराच्या मोडीत काढलेल्या लॉऱ्या या भागात आल्या. जंगलातलं लाकूड वाहायला ठेकेदारांनी त्या घेतल्या. त्यांच्या कमानी तोफा वाहायच्या हिशेबाच्या, इथल्या वाटांना उपयोगाच्या नाहीत. त्या एकेक करून भिकुबाईच्या छपराशी येऊन उभ्या राहू लागल्या. ती आधी पाटे बघायची नाही. ड्रायव्हरला बसवून विचारायची, जाताना काय भरतोस, येताना काय भरतोस, वाट कोणती, नाले किती, वळण कुठे अवघड. काही ड्रायव्हर वैतागायचे. धुडकू भात्यापाशी बसून त्यांना सांगायचा, "सांगी दे रे भाऊ. नही तं ती मोटरमा जाई झोपस."

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एका फाल्गुनात अक्कलकुव्याचा दलसिंग नावाचा ड्रायव्हर नवी घेतलेली जुनी लॉरी घेऊन आला. पहाडातल्या मोलगीच्या वाटेने ती वर रिकामी जायची आणि लाकूड भरून खाली यायची. वर जाताना ती अशी उडायची की दोन वेळा चाक वाटेबाहेर गेलं होतं. पहाडात होळी जवळ आलेली, ढोलांचा सराव सुरू झालेला, आणि दलसिंगला होळीआधी दोन फेऱ्या करायच्या होत्या.

भिकुबाईने पाटे बदलले, वंगण घातलं, कड्या ठोकल्या. दलसिंग लॉरी सुरू करून म्हणाला, "आते ठीक शे ना, मावशी?"

"माले काय माहीत? मोलगीनी वाट मी कधी दखेल नही."

तिने हात धुतले, सांडशी धुडकूच्या हातात दिली आणि लॉरीच्या मागच्या रिकाम्या फळ्यांवर चढून बसली. धुडकू म्हणाला, "भाकरी तं बांधी ले." ती म्हणाली, वर खात्याचा पाडा आहे, तिथे होळीची भाकरी मिळेल, तुम्ही प्रकाशाहून येणाऱ्या मोटरीवर लक्ष ठेवा, आज कौसा येणार आहे. दलसिंगने गिअर टाकला. अक्कलकुव्याच्या दिशेने लॉरी निघाली, आणि भिकुबाई मागे पाठीवर आडवी होऊन, डोळे मिटून, पहिल्या खड्ड्याची वाट बघू लागली.